घुबडाची गोळी आणि गावची मुले

पिकाच्या शत्रूंची माहिती आपण शेतकऱ्यास पुष्कळ देतो. पिकाच्या मित्रांची त्या मानाने फार थोडी देतो. जी देतो तीही बहुधा सभेतील भाषणातून किंवा भिंतीवरील पत्रकातून. 'घुबड हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य अनेक गावांनी अनेक वेळा ऐकले असेल. ऐकणारा मान डोलावितो. परंतु त्याच रात्री घराच्या आढ्यावर घुबड येऊन बसले की तोच गृहस्थ अंगणात दगड शोधू लागतो. हा दोष सर्वस्वी त्याचा नव्हे. आपण त्यास निष्कर्ष सांगितला, पुरावा दाखविला नाही. ज्या पक्ष्यास त्याच्या आज्या-पणज्यांनी अशुभ ठरविले, तो केवळ कोणी परका मनुष्य सांगतो म्हणून शुभ कसा ठरावा?

वस्तुतः हा पुरावा गावातच पडलेला असतो. त्यास पैसा पडत नाही, यंत्र लागत नाही, तालुक्याच्या ठिकाणी जावे लागत नाही. घुबडाने टाकलेली गोळी हाच तो पुरावा होय. तो उकलून पाहण्यास सर्वांत योग्य अशी माणसे म्हणजे गावची लहान मुले, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि अंगणवाडी सेविकांनी या कामी थोडा वेळ द्यावा, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

गोळी म्हणजे काय?

घुबड आपले भक्ष्य चावून खात नाही; पक्ष्यास दात नसतात. लहान उंदीर ते सबंध गिळते, मोठा असल्यास फाडून त्याचे तुकडे गिळते. पोटात मांस पचते. परंतु हाडे, केस, नखे आणि किड्यांची कठीण कवचे पचत नाहीत. पोटाच्या मांसल कप्प्यात या न पचणाऱ्या वस्तू दाबल्या जाऊन त्यांची गोळी बनते, आणि काही तासांनंतर घुबड ती तोंडावाटे बाहेर टाकते. इंग्रजीत हिला पेलेट म्हणतात. ही विष्ठा नव्हे, हे मुलांना आरंभीच सांगावे, म्हणजे अर्धी किळस तेथेच नाहीशी होते. ससाणे, घारी हे पक्षीही गोळ्या टाकतात. तथापि त्यांच्या जठरातील आम्ल अधिक तीव्र असल्यामुळे हाडे बरीचशी विरघळून जातात. घुबडाच्या गोळीत मात्र कवट्या, जबडे, बरगड्या जवळजवळ अखंड सापडतात. निसर्गाने जणू रोजखर्डाच लिहून ठेवावा, तशी ही नोंद असते.

आपल्याकडे या कामी सर्वांत उपयोगी पक्षी म्हणजे गव्हाणी घुबड. पानाच्या किंवा बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, अंगावर सोनेरी-राखी रंग, आणि आवाज घुमण्याचा नसून चिरका किंवा फुत्कारासारखा. गव्हाणीवरून पडलेले याचे नावच सांगते की हा पक्षी माणसाच्या वस्तीचा शेजारी आहे. जुने वाडे, देवळांची शिखरे, पडक्या विहिरी, झाडांच्या ढोल्या येथे तो दिवसा विसावतो. याची गोळी साधारण अंगठ्याएवढी, काळपट, ताजी असता चकचकीत दिसते. माळरानाच्या व ओढ्याच्या कडेला कपारीत राहणारे शृंगी घुबड बरेच मोठे असून त्याच्या गोळ्याही मोठ्या असतात. गावात सर्वांच्या ओळखीचा पिंगळा मात्र आकाराने लहान. त्याच्या आहारात किड्यांचा भाग मोठा असल्याने त्याची गोळी लहान, ठिसूळ आणि भुंगेऱ्यांच्या चकाकत्या पंखकवचांनी भरलेली आढळते.

भीतीची किंमत

घुबडास दगड मारला तर तो दगड उचलून घुबड घाशीत बसते, आणि जसजसा दगड झिजेल तसतसा मारणारा मनुष्य झिजत जातो, अशी एक समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून आहे. या समजुतीने निदान काही घुबडांचे प्राण वाचले असतील! परंतु घुबड ओरडले की घरात मरण येते ही दुसरी समजूत त्याहून प्रबळ आहे, आणि तिच्यापायी घरट्यांची नासधूस होते, पिले मारली जातात. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकण्याचा अघोरी व्यापार देशात चालतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबड पकडणे, मारणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. तरीही हा व्यापार समूळ थांबलेला नाही. गंमत अशी की ज्या लक्ष्मीचे घुबड हे वाहन मानले जाते तिच्याच पूजेच्या दिवसांत त्याचा बळी जातो.

याची किंमत शेतकरी मोजतो. शेतातल्या उंदराच्या मादीस गर्भधारणेपासून साधारण तीन आठवड्यांत पिले होतात आणि अनुकूल काळात वर्षातून अनेकदा वेत होतात. उंदीर उभ्या पिकात खातो, त्याहून अधिक कुरतडून वाया घालवितो, आणि काही जाती बिळात धान्याच्या ओंब्यांचा साठाही करतात. अशा प्राण्यावर रात्रभर न बोलावता पहारा करणारा राखणदार आपण दगड मारून हाकलतो, आणि दुसऱ्या दिवशी विषाची पुडी आणावयास बाजारात जातो.

मुलेच का?

मोठ्या माणसाची समजूत मोडणे कठीण असते, कारण ती मोडताना त्याचा मानही मोडतो. सभेत उठून 'मी आजवर चुकीचे मानीत आलो' असे कोण म्हणेल? मुलाला ही अडचण नाही. सहा-सात वर्षांच्या मुलाची भीती अद्याप घट्ट झालेली नसते; त्याच्या मनात भीतीपेक्षा कुतूहल मोठे असते. जे त्याने स्वतःच्या बोटांनी केसांच्या गुंत्यातून सोडवून काढले, ते त्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. आणि तेच मूल सायंकाळी घरी जाऊन आजीला सांगते की, 'आजी, आपल्या पिंपळावरच्या घुबडाने तीन उंदीर खाल्ले, मी त्यांची डोकी मोजली.' कार्यकर्त्याच्या दहा भाषणांनी जे होत नाही, ते या एका वाक्याने होण्याचा संभव अधिक. नातवाशी वाद घालण्यात कोणा आजीचा मान जात नाही.

दुसरेही एक कारण आहे. खेड्यातील मुलास विज्ञान म्हणजे पुस्तकातील चित्र, असे वाटू लागले आहे. त्याच्या भोवताली विज्ञानाचे भांडार पसरलेले असता त्याने ते केवळ पाठ करावे, ही खेदाची गोष्ट होय. घुबडाची गोळी उकलताना तो पाहतो, निवडतो, मोजतो, तुलना करतो आणि मग निष्कर्ष काढतो. शास्त्रज्ञही याहून निराळे काही करीत नाही. पुण्याच्या परिसरातील शृंगी घुबडांच्या आहाराविषयी सतीश पांडे व नीलेश डहाणूकर यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला, तोही अशाच अवशेषांच्या तपासणीवर आधारलेला होता, आणि उंदीरवर्गीय प्राणी हाच त्या घुबडांच्या आहाराचा प्रमुख भाग असल्याचे त्यातून दिसून आले. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी २०१८ साली इला फाउंडेशनने घुबड महोत्सव भरविला, तेव्हा शाळकरी मुलांनी त्यात हौसेने भाग घेतला. म्हणजे ही कल्पना आपल्या मातीस परकी नाही.

गोळा करण्याची व शुद्ध करण्याची रीत

गोळ्या शोधण्याचे काम मोठ्या माणसाने करावे, मुलांनी नव्हे. जुन्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की त्याखालची जमीन पाहावी. पडक्या जागी विंचू-सापाचे भय असते, म्हणून हातात काठी व पायात जोडा असावा. नाकावर फडके बांधावे आणि धूळ उडेल असे झाडू नये. घरट्याजवळ चढू नये, पक्ष्यावर विजेरीचा झोत टाकू नये; पिले असतील तर त्या जागी वारंवार जाऊ नये. पावसाळ्यात गोळ्या भिजून विस्कटतात, म्हणून खरिपाच्या काढणीनंतरचा कोरडा काळ या कामास उत्तम. आसपासच्या शेतांत उंदरांसाठी विष घातलेले असेल तर त्या दिवसांतील गोळ्या घेऊ नयेत.

पुढची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. गोळी आहे तशी मुलांच्या हाती कदापि देऊ नये. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात प्राथमिक शाळांतील मुलांना २००१ साली अशा गोळ्या उकलल्यानंतर साल्मोनेला जंतूंची बाधा होऊन जुलाब-तापाचा त्रास झाल्याची नोंद आहे. म्हणून गोळ्या पातळ फडक्यात बांधून, स्वयंपाकातून कायमचे बाद केलेल्या भांड्यात, उघड्यावर तीन दगडांच्या चुलीवर, झाकण ठेवून अर्धा तास चांगल्या उकडून घ्याव्यात. आपण मोदक उकडतो तसे पाणी खाली व फडके वर असले म्हणजे गोळीचा आकार मोडत नाही. नंतर कडक उन्हात वाळवाव्यात. उकडल्यामुळे गोळीतील कसरीची अंडीही मरतात. भांड्यावर खूण करून ते निराळे ठेवावे.

उकलण्याचे काम जेवणाच्या जागी करू नये. मधल्या सुट्टीतील भोजनाच्या आधी तर नकोच. ज्याच्या हाताला जखम आहे त्याने नुसते पाहावे. काम संपताच प्रत्येक मुलाने साबणाने हात धुवावेत आणि जागा पुसून घ्यावी. अंगणवाडीतील तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे बोट सहज तोंडात जाते. तेव्हा त्यांच्यापुढे सेविकेने स्वतः गोळी उकलून दाखवावी. पहिली-दुसरीपासून पुढच्या मुलांनी ती दोघा-दोघांनी मिळून उकलावी.

उकलताना काय पाहावे?

काळा कागद किंवा टाकाऊ दगडी पाटी घ्यावी. काळ्यावर पांढरी हाडे उठून दिसतात. खराट्याच्या बोथट काड्या आणि एखादा चिमटा एवढी हत्यारे पुरेत. गोळी कोमट पाण्यात थोडी भिजविली की केस सुटतात. घाई करू देऊ नये. पहिली पाच मिनिटे मुलांना केवळ केस दिसतात. मग एखादा पिवळा दात डोकावतो, आणि त्यानंतर वर्गात शांतता राखण्यासाठी शिक्षकास काहीच करावे लागत नाही.

प्रथम कवटी पाहावी. पुढे वर दोन व खाली दोन असे लांब, वाकडे, बाहेरून पिवळे-नारिंगी दात असतील, त्यांच्यामागे बरीच मोकळी जागा आणि मग दाढा असतील, तर तो उंदीर किंवा घूस समजावी. हे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून उंदरास सतत कुरतडावे लागते. शेतातील कापलेला ऊस आणि घरातील कुरतडलेले पोते यांचे कारण मुलास येथे सापडते. जबड्यात मोकळी जागा नसून टोकदार दातांची सलग रांग असेल, तर ती चिचुंद्री होय. चिचुंद्रीचा मुख्य आहार किडे-गांडुळांचा. ती पिकाची वैरीण नव्हे. उंदीर व चिचुंद्री एकच, असा अनेक घरांतील समज या एका कवटीने दूर होतो. चोच असेल तर तो पक्षी. चकाकती कवचे असतील तर भुंगेरे.

त्यानंतर हाडे जुळवावीत. खांद्याचे पाते, मांडीचे हाड, बरगड्या, मणके असे एकेक काढून कागदावर मांडावे आणि मुलांना आपलाच खांदा, आपलीच बरगडी चाचपावयास सांगावी. उंदराच्या शरीराची घडण आपल्यासारखीच आहे हे कळल्यावर मुले क्षणभर गप्प होतात. त्या क्षणी शिक्षकानेही गप्प राहावे. एका जिवाच्या मरणावर दुसरा जीव जगतो, हे मुलांना भाषण न करताच कळते.

शेवटी मोजदाद. कवट्या मोजाव्यात, कवटी फुटलेली असल्यास खालच्या जबड्याचे डावे व उजवे भाग जुळवून पाहावेत. गव्हाणी घुबड दिवसाकाठी साधारण एक-दोन गोळ्या टाकते. वर्गाच्या वहीत दिनांक, जागा, गोळ्यांची संख्या, उंदीर, चिचुंद्री, पक्षी, इतर असे रकाने आखावेत. समजा, एका महिन्यात चाळीस गोळ्यांतून मोठ्या उंदरांच्या वीस कवट्या निघाल्या. अडीचशे ग्रॅम वजनाचा उंदीर आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे पंचवीस ग्रॅम अन्न दररोज खातो असे धरले, तर महिन्यास पाऊण किलो आणि वीस उंदरांचे पंधरा किलो होतात. हे सर्व अन्न धान्यच असेल असे नाही, तसेच सर्व गोळ्या आपल्या हाती लागतात असेही नाही. म्हणून हा केवळ अंदाज आहे, हेही मुलांस सांगावे. गणिताच्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

हाडांना शिवणे काही घरांत निषिद्ध मानतात. अशा घरच्या मुलावर सक्ती करू नये. त्यास नोंदवही लिहावयास द्यावी. पालकांना आदल्या दिवशी सांगावे, आणि ज्यांना पाहावयाचे असेल त्यांना बोलवावे. चोरून केलेल्या चांगल्या कामाविषयीही गावात संशय उत्पन्न होतो.

दुसरा आक्षेप असा की, मुले घुबडाच्या मागे लागून घरटी धुंडाळतील. ही भीती रास्त आहे. म्हणून घुबडाची जागा मुलांना दुरूनच दाखवावी आणि गोळ्या आणण्याचे काम मोठ्यांकडेच ठेवावे.

तिसरा आक्षेप जाणत्या शेतकऱ्याचा आहे, आणि तो सर्वांत वजनदार आहे. 'घुबडे असूनही माझ्या शेतात उंदीर आहेतच, मग उपयोग काय?' यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. घुबड उंदरांचा नायनाट करीत नाही. कोणताच शिकारी प्राणी आपल्या भक्ष्याचा नायनाट करीत नाही. बांध स्वच्छ ठेवणे, बिळे खणणे, सापळे लावणे आणि सर्व गावाने एकाच वेळी मोहीम करणे ही कामे शेतकऱ्यानेच करावयाची आहेत. घुबड हा त्या कामातील एक बिनपगारी गडी आहे. इस्रायलमध्ये सदे एलियाहू या सामूहिक शेती वसाहतीने १९८३ पासून गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या बसविण्यास आरंभ केला. पुढे तो प्रयोग देशभर पसरला आणि शेजारच्या जॉर्डनमधील शेतकऱ्यांपर्यंतही पोहोचला. मलेशियातही तेलमाडाच्या मळ्यांतून अशा पेट्या लावल्या जातात. फुकट मिळणाऱ्या राखणदारासाठी लाकडाची पेटी करण्याइतका खर्च या व्यवहारी शेतकऱ्यांना परवडतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

विषाविषयी दोन शब्द

मुलांनी गोळ्या उकलल्या आणि मोठ्यांनी विष हवे तसे पसरले, तर पहिले काम व्यर्थ होईल. ब्रोमॅडिओलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो आणि घुबडास सहज सापडतो. असे उंदीर खाऊन तेच विष घुबडाच्या यकृतात साठते. म्हणून विषाचा वापर कृषी विभागाच्या शिफारशीप्रमाणे, ठरलेल्या मात्रेत आणि बिळाच्या आतच करावा. मेलेले उंदीर रोज वेचून खोल पुरावेत. आणि ज्या वाड्यात वा झाडावर घुबडाचे बिऱ्हाड आहे त्याच्या आसपास सापळ्यांवरच भर द्यावा. वाळलेले परंतु ढोली असलेले झाड सरपणासाठी तोडण्यापूर्वी एकदा वर पाहावे. शेतात पक्ष्यांस बसण्यासाठी आडव्या काठीचे थांबे उभारावेत. त्यांवर दिवसा कोतवाल व रात्री घुबड बसू शकते.

शेवटची विनंती

पहाटे दारोदार फिरून भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याला आपल्या खेड्यांनी परंपरेने मान दिला, पसाभर धान्य दिले. ज्या पक्ष्याच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या कुळावर आपण दगड उचलावा हे विसंगत आहे. ही विसंगती उपदेशाने जाणार नाही. प्रत्येक कार्यकर्त्याने या कोरड्या हंगामात आपल्या गावातील एक तरी घुबडाची जागा शोधावी, दहा-बारा गोळ्या रीतीप्रमाणे उकडून वाळवाव्यात आणि शिक्षकांच्या संमतीने एक तास मुलांपुढे ठेवाव्यात. निकाल आधी सांगू नये. गोळीत जे निघेल ते निघू द्यावे. चिचुंद्री निघाली तर चिचुंद्री लिहावी, चिमणी निघाली तर चिमणी लिहावी. खरी नोंद ठेवण्याची सवय लागलेली मुले उद्या शेती करू लागतील, तेव्हा कीड, पाणी, खत आणि बाजारभाव यांच्या नोंदीही तशाच ठेवतील. मुलांची ती वही पुढच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी. वाचणारे मूल त्याच गावचे असावे.